गवताला कोणी विचारलं?

"आमची भांडणं होतात, ताई. पण मुलासमोर कधीच नाही. तरी त्याच्यावर परिणाम होत असेल का?"

मी केनियात, नैरोबीला समुपदेशक आहे. हा प्रश्न मला इथे समोर बसलेली जोडपी विचारतात, तसाच पुण्या-ठाण्याहून फोन करणारेही विचारतात. बहुतेकांना उत्तर ठाऊक असतं. कोणीतरी ‘नाही हो’ म्हणावं, एवढीच आशा असते. ते मला म्हणता येत नाही. मग मी इथल्या एका मराठी कुटुंबाची हकिकत सांगते. त्यांची परवानगी घेतलेली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वडील कारखान्यात देखभाल विभागाचे इंजिनिअर. आई नाशिकला हिशेबाचं काम करायची. इथे ती डिपेंडंट पासवर आली आणि त्या पासवर नोकरी करता येत नाही. वडिलांना करार वाढवायचा होता, आईला परत जायचं होतं. भांडण रात्रीचं, दार लावून, दबक्या आवाजात. त्यानंतर दोन-तीन दिवसांचा अबोला, आणि त्या अबोल्यात दहा वर्षांचा मुलगा टपालवाला: "बाबांना सांग, पानं घेतलीत." "आईला सांग, मला भूक नाही."

मुलाचं पोट दुखायचं. शाळेच्या दिवशी, सकाळी. बालरोगतज्ज्ञांनी सगळ्या तपासण्या केल्या, काही निघालं नाही, तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाठवलं. हा क्रम महत्त्वाचा आहे. पोटदुखी ‘मनाची’ आहे हे आईवडिलांनी किंवा समुपदेशकाने परस्पर ठरवायचं नसतं.

माझ्यासमोर मुलगा शहाण्यासारखा बसला. घरी कसं आहे? छान. आईबाबा? छान. मराठीत छान, इंग्रजीतही छान. चित्र काढायला दिलं तर विमान काढलं, तेही छानच होतं.

शाळेत त्याला स्वाहिली, म्हणजे केनियाची राष्ट्रभाषा, हा विषय होता आणि तो त्याचा आवडता. स्वाहिली शिकताना ‘मेथाली’, म्हणजे म्हणी, भरपूर पाठ होतात. पुष्कळ मेथाली दोन पायांवर उभ्या असतात. शिक्षक पहिला अर्धा भाग म्हणतात, वर्ग दुसरा पुरा करतो. मी म्हटलं, "हाराका हाराका..." तो ताडकन म्हणाला, "हाइना बाराका!" घाई घाई, तिला बरकत नाही. "हाबा ना हाबा..." "हुजाझा किबाबा!" थोडं थोडं करत माप भरतं. मग त्याने मला कोड्यात टाकायला सुरुवात केली, आणि मी एका ठिकाणी अडले तेव्हा पहिल्यांदा खळखळून हसला.

खेळ रंगल्यावर मी विचारलं, "तुमच्या घराच्या दारावर एक मेथाली लिहायची असेल तर कोणती लिहशील?" बराच वेळ गेला. मग त्याने अर्धीच म्हटली: "वापिगानापो तेंबो..."

उरलेली मी म्हटली. "न्यासी हुउमिया."

हत्ती झुंजतात तेव्हा दुखापत गवताला होते. केनियात राजकारण्यांनी ही म्हण भाषणांत वापरून वापरून पार झिजवली आहे. या मुलाने ती घरी नेली. "आईबाबा भांडतात आणि मला भीती वाटते" हे वाक्य त्याला कोणत्याच भाषेत बोलता येत नव्हतं. ते बोलणं म्हणजे आईबाबांची चहाडी. हत्ती आणि गवताबद्दल बोलण्यात मात्र कोणाची चहाडी नव्हती. मग मी आईबाबांचं नाव न काढता गवताबद्दल विचारत गेले. गवताला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते? "हत्ती दोन दिशांना गेले तर गवत कोणाकडे राहणार?" एवढं सगळं त्या बंद दारातून त्याच्यापर्यंत पोचलं होतं.

नायजेरियातल्या योरुबा लोकांत म्हणतात की म्हण हा बोलण्याचा घोडा आहे. बोलणं हरवलं की म्हणीवर बसून ते शोधायला निघावं. समुपदेशनात म्हणीचं काम याहून नेमकं मला सांगता येणार नाही. पण घोड्यावर कोणी बसायचं हे ठरलेलं हवं. समुपदेशकाने म्हणी ऐकवायला लागणं म्हणजे नुसतं प्रवचन. समोरच्याने स्वतः निवडलेली म्हण मात्र बरंच काही उघडं करते.

इथेच एक चिडचिड नोंदवते. सकाळी व्हॉट्सॲपवर सूर्योदयाच्या चित्राखाली ‘आफ्रिकन म्हण’ येते. कुठली? कोणत्या भाषेतली? या खंडात पन्नासहून जास्त देश आहेत आणि हजाराहून जास्त भाषा. ‘आशियाई म्हण’ असं कोणी आपल्याला पाठवलं तर आपण हसू. मी त्याच म्हणी वापरते ज्या मूळ भाषेत मला कोणाच्या तरी तोंडून ऐकायला मिळाल्या आहेत आणि ज्या कधी वापरतात हे विचारून घेतलं आहे.

मुलाच्या संमतीने पुढच्या वेळी आईवडिलांना आत बोलावलं. त्याने म्हण सांगितली, अर्थही सांगितला. वडिलांनी अवघडून विनोद केला, "पण आपल्यात तर दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ म्हणतात ना रे?" मुलगा म्हणाला, तशी मेथालीपण आहे: ‘वीता व्या पांझी, फुराहा या कुंगुरू’, नाकतोड्यांची लढाई, कावळ्याची मजा. मग थोडा विचार करून म्हणाला, "पण बाबा, कावळा घरातला नसतो."

वडील नंतर बराच वेळ काही बोलले नाहीत.

आईला मात्र राग आला होता. "आम्ही इतकी काळजी घेतो, तरी?" तो राग रास्त होता. त्यांनी खरंच काळजी घेतली होती, फक्त ती आवाजाची घेतली होती. मार्क कमिंग्ज आणि पॅट्रिक डेव्हिस या मानसशास्त्रज्ञांनी 1994 मध्ये मांडलं की आईवडिलांच्या भांडणात मूल मुख्यतः एक गोष्ट चाचपत असतं: माझं घर शाबूत राहणार आहे ना? त्यामुळे भांडण किती मोठ्याने झालं याच्याइतकंच ते कसं संपलं याला महत्त्व येतं. मिटलेलं दिसलं, किंवा मिटलं असं नंतर समजावून सांगितलं, तरी मुलांचा ताण उतरतो. या घरात मुलाला भांडणाची सुरुवात ऐकू यायची आणि नंतरचा अबोला दिसायचा. मधली समेट, जेव्हा कधी व्हायची तेव्हा, दाराआड.

शिवाय तो रडत नव्हता, हट्ट करत नव्हता, म्हणून सगळे निर्धास्त होते. झिम्बाब्वेच्या शोना भाषेत एक कठोर म्हण आहे: ‘म्वाना असिंगाचेमी अनोफिरा मुम्बेरेको’. जे मूल रडत नाही ते पाठीवरच्या झोळीतच दगावतं. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही, ही आपली म्हण त्यापुढे फारच सौम्य वाटते. त्याच देशात हरारेमध्ये डिक्सन चिबांडा या मनोविकारतज्ज्ञांनी 2006 च्या सुमाराला एक उपक्रम सुरू केला. दवाखान्याच्या आवारात लाकडी बाकावर प्रशिक्षित आज्या बसतात आणि ‘फार विचार करून’ खचलेल्यांचं ऐकून घेतात, लोकांच्या रोजच्या शोना भाषेत. 2016 मध्ये त्याची शास्त्रीय चाचणी प्रसिद्ध झाली आणि नेहमीच्या उपचारापेक्षा या बाकावर बसलेल्यांची लक्षणं लक्षणीय कमी झालेली आढळली. पाठ्यपुस्तकातले शब्द बाजूला ठेवायला मला अशाच कामांनी शिकवलं.

वडिलांनी त्यांची मेथाली कारखान्यातून आणली. त्यांचा फोरमन उठसूट म्हणायचा: ‘उसिपोझिबा उफा, उताजेंगा उकुता’. भेग बुजवली नाहीस तर भिंत बांधावी लागेल. इंजिनिअर माणसाला हे पटायला वेळ लागला नाही. भेगा कोणत्या, ते तिघांनी मिळून शोधलं. मुलाच्या हाती निरोप पाठवणं त्याच दिवशी बंद. भांडण झालं तर दुसऱ्या दिवशी नाश्त्याला दोघांपैकी एकाने सांगायचं, "काल आम्ही भांडलो. अजून ठरलेलं नाही, पण बोलतोय. हे तुझ्यामुळे नाही." खोटं ‘सगळं ठीक आहे’ म्हणायचं नाही. आणि नाशिक की नैरोबी, याच्या निर्णयासाठी एक महिना ठरवायचा: ऑगस्टच्या सुट्टीचा.

आईचं काम जास्त अवघड होतं, कारण तिच्या वाट्याला आलेली म्हण तिची नव्हतीच. शेजारच्या प्रेमळ वयस्क बाईंनी तिला सांगितलं होतं, ‘म्वुमिलिवु हुला म्बिवु’, धीर धरणाऱ्याला पिकलेलं फळ मिळतं. तिच्या आईने फोनवर मराठीत हेच सांगितलं: सोस थोडं. इथल्या आणि तिथल्या, दोन्हीकडच्या म्हणी बाईला सोसायला लावण्यात पटाईत आहेत, हे मला दरवेळी जाणवतं. मी तिला विचारलं, हे कोणतं फळ पिकतंय? तुझ्या डोळ्यांसमोर आहे का ते? ती रडली, आणि मग म्हणाली, "मला नाशिक नकोय हो. मला काम हवंय."

इतक्या रात्रींच्या भांडणात हे वाक्य एकदाही आलं नव्हतं. वडिलांनी ते पहिल्यांदा माझ्या खोलीत ऐकलं. त्यानंतर घरातला वाद वर्क परमिट, त्याचा खर्च आणि तिची राहिलेली परीक्षा यांवर सुरू झाला. वाद तोच नाही, पण आहे. तो असायला माझी हरकत नाही.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. घरात मारहाण असेल, धमक्या असतील, बायकोला किंवा नवऱ्याला समोरच्याची भीती वाटत असेल, तर वरचं काहीच लागू नाही. तिथे आधी सुरक्षितता, आणि त्यासाठी लगेच बाहेरची मदत. ‘धीर धर’ हे वाक्य अशा घरात कोणत्याही भाषेत उच्चारू नये.

मुलाची पोटदुखी कमी झाली आहे, गेलेली नाही. रविवारी रात्री अजून कुरकुर करतं पोट. निर्णय काही ऑगस्टमध्ये झाला नाही. परमिटचे कागद अडकले आणि तो डिसेंबरवर गेला. तारीख पुढे गेल्याचं त्यांनी त्याच संध्याकाळी मुलाला सांगितलं. त्याने विचारलं की तोपर्यंत फुटबॉलच्या टीममध्ये नाव द्यायचं का. दोघांनी दिलं.