आतड्यातल्या सगळ्या ग्लिया पेशी (चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशी) एकाच प्रकारच्या असतात का? जीएफएपी या ग्लियातल्या प्रथिनासाठी रंगवल्यावर काही पेशी दिसतच नाहीत, असं का?

नाही, एकाच प्रकारच्या नसतात. आकार आणि जागेवरून ढोबळ चार प्रकार करतात: चेतापेशींच्या गाठीतल्या ताऱ्यासारख्या, गाठी जोडणाऱ्या तंतूंमधल्या लांबट, आतल्या अस्तराखालच्या आणि स्नायूंत चेतातंतूंना बिलगून असलेल्या.

पण या चौकटी पक्क्या समजू नका. उंदरांत असं दिसलंय की एकाच प्रकारातल्या शेजारच्या दोन पेशींपैकी एकीत जीएफएपी भरपूर, दुसरीत जवळपास नाही. शिवाय तीच पेशी काळानुसार हे प्रमाण बदलते. म्हणून फक्त जीएफएपीवर मोजणी केली की आकडा हमखास कमी येतो. मोजायला सॉक्स१० हे ग्लियातलं दुसरं प्रथिन घ्या. ते केंद्रकात असतं, त्यामुळे पेशी सुट्या मोजता येतात. एस१००बी हे तिसरं प्रथिन पेशीच्या फांद्यांतही पसरतं. आकार बघायला उत्तम, पण दाट गाठीत कुठली फांदी कुणाची ते कळत नाही. पातळ आडव्या कापांपेक्षा स्नायूचा थर सोलून सपाट पसरलेला नमुना बरा, अख्खं जाळं एका नजरेत येतं. अस्तराखालच्या पेशींसाठी मात्र कापच लागतात.

ग्लियाच्या लवचिकतेचा सर्वांत बोलका पुरावा याच अस्तराखालच्या पेशींचा. त्या स्नायूंमधल्या जाळ्याकडून आत सरकत सतत नव्याने येतात. जंतुविरहित वाढवलेल्या उंदरांत त्या फार कमी असतात; जंतू दिले की पुन्हा भरतात.

ग्लियापासून नव्या चेतापेशी? इजेनंतर काही प्रमाणात होतात. निरोगी प्रौढ आतड्यात क्वचितच.