तीन टिपर, एक ड्रम: स्वस्त ऑइल परवडेल का?

प्रश्न: खडी वाहतुकीला माझे दोन बीएस-६ (नव्या प्रदूषण-मानकाचे) आणि एक जुना बीएस-३ टिपर आहे. प्रत्येकी २० लिटर, वर्षातून चार वेळा ऑइल बदलतो. सीआय-४ प्लस ग्रेडचं इंजिन ऑइल २१० रुपये लिटर मिळतं, सीके-४ ग्रेडचं २८० रुपये. तिन्हींना स्वस्त ऑइल घातलं तर १६,८०० रुपये वाचतील. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) बिघडल्यास दीड लाख लागतील असं सर्व्हिस सेंटर म्हणतं. २१० लिटरचा स्वस्त ड्रम घेऊ का?

उत्तर: घेऊ नका. १६,८०० पैकी ११,२०० रुपये बीएस-६ गाड्यांचे आहेत आणि ती बचत नव्हेच. डीपीएफमधली काजळी रिजनरेशनमध्ये, म्हणजे फिल्टर तापवून साफ करताना, जळून जाते. ऑइलमधल्या कॅल्शियम, मॅग्नेशियम, जस्ताची राख मात्र जळत नाही, साचतच जाते. सीके-४ मध्ये या राखेला १ टक्क्याची मर्यादा आहे, सीआय-४ प्लसमध्ये तशी मर्यादाच नाही. फिल्टर लवकर भरला की ॲव्हरेज पडतं, रिजनरेशन वारंवार होतं आणि ज्या इंजिनात त्यासाठी जादा डिझेल सिलिंडरमध्येच फवारलं जातं, तिथे ते खालच्या ऑइल चेंबरमध्ये उतरून ऑइलात मिसळतं. डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसली तर ऑइल पातळ झालंय असं समजा आणि तपासून बदला. एका फिल्टरचे दीड लाख भरून काढायला ही ‘बचत’ तेरा वर्षांहून जास्त पुरवावी लागेल, आणि तुमच्याकडे फिल्टर दोन आहेत.

जुन्या गाडीचे ५,६०० रुपये मात्र खरे आहेत. तिला डीपीएफ नाही, त्यामुळे सीआय-४ प्लस चालतं. तरीही मी तिन्हींना सीके-४ च सुचवेन, कारण दोन ऑइलं एकाच शेडमध्ये असली की टॉप-अपच्या वेळी अदलाबदल होतेच. जुन्या इंजिनाला सीके-४ ‘मानवत नाही’ हे ऐकू नका. एप्रिल २०२० पासून पंपावरचं डिझेलच १० पीपीएम (दहा लाखांत दहा भाग) गंधकाचं आहे, त्यामुळे गंधकातून इंजिनात होणाऱ्या ॲसिडची भीती पूर्वीइतकी राहिलेली नाही. जुना टिपर वेगळ्या साइटवर उभा राहत असेल तर त्याच्यासाठी स्वस्त ऑइलच्या बादल्या घ्या. ड्रम नको, तो अडीच वर्षं पुरेल.

सीके-४ च्या ड्रमला ५८,८०० रुपये एकरकमी लागतील. महिना २ टक्क्यांच्या उधारीवर घ्यायचा असेल तर तिथेही बादल्याच बऱ्या. खरेदीआधी मॅन्युअलमधला ग्रेड आणि कंपनीचं स्पेसिफिकेशन डब्यावरच्या छापाशी जुळवा, पक्कं जीएसटी बिल घ्या, वॉरंटीच्या वादात तेच कामी येतं. ड्रम आणलाच तर छपराखाली आडवा ठेवा, दोन्ही बुचं एका आडव्या रेषेत. उघड्यावर उभ्या ड्रमच्या डोक्यावर पावसाचं पाणी साचतं आणि रात्री ऑइल गार झालं की बुचातून आत ओढलं जातं.