सॉर्टिंग आधी वहीवर
सॉर्टिंग, म्हणजे यादी लहान-मोठ्या क्रमाने लावणे, शिकताना प्रोग्रामिंग भाषेतल्या तयार फंक्शनकडे लगेच वळू नका. आपल्या यवतमाळकडच्या खेड्यांत भारनियमनाचे तास असतातच. त्या वेळात वहीवर कापसाच्या वजनांची ४२, १७, ३५, ८ अशी ओळ मांडून बबल सॉर्टची (शेजारच्या दोन-दोन संख्यांची तुलना करून मोठी पुढे सरकवण्याच्या पद्धतीची) एक फेरी हाताने करावी, म्हणजे शेजारच्या संख्यांची अदलाबदल होत ती १७, ३५, ८, ४२ कशी होते आणि सर्वांत मोठी संख्या शेवटी का पोहोचते, हे नीट उलगडेल. १,००० नोंदींसाठी हीच पद्धत ४,९९,५०० तुलनांपर्यंत जाते, म्हणून प्रत्यक्ष कामात पायथन या प्रोग्रामिंग भाषेचे सॉर्टेड हे तयार फंक्शनच बरे. रिकामी यादी, एकच नोंद आणि सारख्या संख्या यांवर मात्र स्वतः लिहिलेला बबल सॉर्टचा प्रोग्राम आवर्जून चालवून पाहा; आतल्या लूपची (एका फेरीतल्या तुलना पुन्हा पुन्हा करणाऱ्या भागाची) मर्यादा एकने जास्त झाली की यादीबाहेरचा इंडेक्स, म्हणजे नोंदीचा क्रमांक, वाचला जातो.