चर्चमध्ये वेद्या दोन कशासाठी?

प्रश्न : वसई तालुक्यातील एका गावच्या जुन्या चर्चमध्ये मैत्रिणीच्या मुलीच्या लग्नाला गेले होते. मागच्या भिंतीला लागून सोनेरी नक्षीची उंच लाकडी वेदी होती. पण फादर तिच्यापुढच्या साध्या दगडी वेदीपाशी उभे होते. बाजूच्या भिंतीवर छोट्या सज्जासारखे काही होते, तिथे कोणी चढले नाही. भर दुपारी एक तांबडा दिवा जळत होता. या सगळ्याचा अर्थ काय? आणि आमच्या नारोशंकराच्या देवळातील घंटा अशाच एखाद्या चर्चची, हे खरे का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : मागची वेदी जुन्या उपासनेची आहे. १९६२ ते १९६५ या काळात रोममध्ये भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपूर्वी पवित्र मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य सामुदायिक उपासना, लॅटिनमध्ये होत असे आणि धर्मगुरू लोकांकडे पाठ करून, म्हणजे खरे तर लोक ज्या दिशेला पाहत त्याच दिशेला तोंड करून, वेदीपाशी उभे राहत. परिषदेनंतर लॅटिनच्या जागी लोकांची भाषा, वसईत अर्थातच मराठी, आली आणि धर्मगुरूंना लोकांसमोर उभे राहता यावे म्हणून भिंतीपासून सुटी अशी नवी वेदी मांडली गेली. ज्या गावांनी जुनी वेदी जागेवर राहू दिली, त्यांचे मला मनापासून कौतुक वाटते. कारण जीर्णोद्धाराच्या उत्साहात अशी कामे उतरवून तिथे गुळगुळीत संगमरवर बसवलेला पाहिला की जीव हळहळतो. अशी वेदी जवळून पाहावी. संतांच्या मूर्तींसाठी केलेले कोनाडे, पिळाचे खांब, वेलींमधून डोकावणारे देवदूतांचे चेहरे आणि जिथे सोन्याचा वर्ख उडाला आहे तिथे उघडे पडलेले लाकूड, हे सारे हात लावता येईल इतक्या अंतरावरून पाहिल्यावर कारागिराने त्यात किती दिवस घातले असतील, याची कल्पना येते.

तांबडा दिवा त्या वेदीच्या मध्यभागी असलेल्या, कुलूप लावलेल्या लहान पेटीसाठी आहे. मिस्सामध्ये पवित्र केलेली भाकर तिच्यात ठेवतात, ती आजाऱ्यांकडे नेतात, आणि ख्रिस्त तिथे साक्षात उपस्थित आहे या श्रद्धेने दिवा अहोरात्र तेवत ठेवतात. चर्चमध्ये येणारे गुडघा टेकतात ते या पेटीपुढे. भिंतीवरचा सज्जा प्रवचनासाठी होता. ध्वनिवर्धक नसताना शेवटच्या बाकापर्यंत शब्द पोहोचावा म्हणून तो उंचावर असे, आणि आवाज वर विरून न जाता लोकांकडे यावा म्हणून त्याच्या माथ्यावर लाकडी छत्र बसवीत.

आता घंटेविषयी. गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांना दिली आणि त्यानंतर फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन आदी धर्मगुरूंच्या संघांनी किल्ल्यात आणि आसपासच्या गावांत चर्च उभारली. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. तहात ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळण्याची मुभा राहिली. युरोपीय धर्मगुरू गेल्यावर एतद्देशीय धर्मगुरूंनी गावोगावची उपासना चालू ठेवली. घंटा मात्र विजयाची खूण म्हणून मराठी सरदारांबरोबर घाटावर गेल्या आणि मंदिरांना अर्पण झाल्या. नारोशंकर राजेबहाद्दरांनी गोदाकाठी बांधलेले रामेश्वर मंदिर १७४७ चे, तर तिथल्या घंटेवरचे साल १७२१ आहे. म्हणजे मंदिर उभे राहण्याच्या सव्वीस वर्षे आधी ती ओतली गेली होती. आपण ऐकले ते खरे आहे. वाईजवळ मेणवलीला, नाना फडणविसांच्या वाड्यामागील घाटावर, अशीच एक घंटा असून तिच्यावर बाळ येशूसह मरियेची उठावाची आकृती आहे.

चर्चची घंटा ओतताना तिच्यावर क्रूस, साल आणि बहुधा एखाद्या संताचे नाव घालीत, कारण मनोऱ्यावर चढवण्यापूर्वी तिला आशीर्वाद देण्याचा विधी होई. ती सकाळी, दुपारी आणि सांजवेळी प्रार्थनेसाठी वाजत असे आणि शेतातली माणसे तो आवाज ऐकून हातातले काम थांबवीत. वसईच्या गावांत ती वेळ आजही पाळली जाते.