शेवटचं वळण हुकलं तर?

प्रश्न : उतरताना शेवटच्या वळणात विमान धावपट्टीच्या रेषेपलीकडे जातं. तेव्हा रडर (शेपटीवरची उभी हलती फळी) दाबून नाक आत ओढलं तर काय बिघडतं?

उत्तर : नेमकं तेच जीवघेणं. रडरमुळे विमानाचा आतल्या बाजूचा कल वाढतो, तो रोखायला एलेरॉन (कल बदलणारी पंखांवरची फळी) उलटा जातो, नाक खाली झुकतं म्हणून स्टिक मागे ओढली जाते. स्टॉल (पंखांची उचल तुटणं) होताच आतला पंख कोसळतो आणि स्पिन (गिरक्या घेत खाली पडणं) सुरू. एवढ्या कमी उंचीवर सावरायला जागाच नसते. उंची राखून ४५ अंश कललं तर स्टॉलचा वेग १९ टक्क्यांनी वाढतो, ६० अंशांना ४१ टक्क्यांनी. म्हणून कल ३० अंशांच्या आत, बॉल (विमान आडवं घसरतंय का हे दाखवणारी उपकरणातली गोळी) मध्यभागी ठेवा. तरी रेषा हुकली? पंख सरळ, पूर्ण थ्रॉटल (इंजिनाची ताकद), कार्ब्युरेटर हीट (कार्ब्युरेटरमध्ये बर्फ साचू न देणारी गरम हवा) बंद, गो-अराउंड (उतरणं सोडून पुन्हा वर चढणं); फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा) टप्प्याटप्प्याने वर. प्रशिक्षक रागावेल ही भीती सोडा (चांगला प्रशिक्षक खूशच होतो). या वळणाआधीच्या टप्प्यात पाठीमागून वारा असेल, तर पुढच्या फेरीत वळण लवकर सुरू करा.