बयाणा दलालाच्या खात्यात आणि हातात चार महिने

नागपुरातल्या मानेवाड्याच्या एका वाचकांनी बेसा भागातला जुना टू बीएचके घ्यायचं ठरवलं. दलाल म्हणाला, “मालक बाहेरगावी आहेत, बयाणा माझ्याच खात्यात टाका.” यांनी 3 लाख टाकले. मालकाने फ्लॅट दुसऱ्यालाच विकला आणि आता तो म्हणतो, माझ्याकडे एक रुपयाही आला नाही. दलालाचं एकच पालुपद : “भाऊ, टेन्शन नका घेऊ, होऊन जाते.” वर्षभरापूर्वी नोटीस दिली, तिला उत्तर नाही. आता विचारतात, रेरात (घरबांधणी प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या प्राधिकरणात) तक्रार करू का? आणि पुढच्या वेळी चांगला एजंट ओळखायचा कसा?

अशी पत्रं मला सारखी येतात. तुमच्या पत्रातली कामाची गोष्ट तुम्ही शेवटच्या ओळीत, जाता जाता लिहिली आहे : पैसे टाकून 2 वर्षं 8 महिने झाले.

पैसे परत मागण्याच्या अशा दाव्याला मुदत कायद्यात साधारण तीन वर्षं मिळतात. ती कुठल्या तारखेपासून मोजायची यावर वाद घालता येतो, पण तो वाद अंगावर घेऊ नका. पैसे खात्यातून गेले तीच तारीख धरा. म्हणजे चार महिने उरले. नोटीस दिली म्हणून मुदत थांबत नाही, आणि पोलीस ठाण्यात अर्ज दिला म्हणूनही नाही. उत्तराची वाट पाहत तुम्ही वर्ष घालवलंत, याचा मला खरोखर राग येतो. दिवाणी दाव्यात “उशीर माफ करा” ही विनंती चालत नाही. ग्राहक आयोगात चालते, पण तिथली दोन वर्षं तुम्ही आधीच ओलांडली आहेत. सबळ कारण दाखवावं लागेल, आणि “तो देतो देतो म्हणत होता” हे आयोगाला पुरेल याची खात्री मी देणार नाही.

दलालाकडून एक चिठ्ठी मिळवता आली तर बघा : 3 लाख घेतले, परत देणं बाकी आहे, खाली तारीख आणि सही. मुदत संपण्याआधी असं लिहून मिळालं तर त्या तारखेपासून नवी तीन वर्षं मोजली जातात. फोनवरचं “होऊन जाते” त्यात बसत नाही.

रेराचं म्हणाल, तर 2016 च्या त्या कायद्याचं दलालांबाबतचं कलम 9 नोंदणीकृत प्रकल्पातल्या विक्रीपुरतं आहे. तुमचा व्यवहार रीसेलचा, तिथे वेळ घालवू नका. मालकालाही प्रतिवादी करायचं का, हे त्याने दलालाला पैसे घ्यायचा अधिकार दिला होता की नाही यावर ठरेल. कागद पाहिल्याशिवाय बोलत नाही.

आता चांगला एजंट. नव्या स्कीमसाठी त्याचा महारेरा नोंदणी क्रमांक संकेतस्थळावर स्वतः तपासा. रीसेलमध्ये तो क्रमांक तुम्हाला फारसा वाचवणार नाही. तिथे मी एवढंच बघतो : तो मालकाशी समोरासमोर भेट घालून देतो का, आणि चेक मालकाच्या नावाने काढायला सांगतो का. दलाली किती, कधी द्यायची, हे लिहून द्यायला कचरतो तो नको. नागपुरात आणखी एक : लेआउट गुंठेवारीतलं (परवानगीशिवाय तुकडे पाडून विकलेलं) असेल तर आरएल लेटर, म्हणजे भूखंड नियमित झाल्याचं पत्र, न मागता समोर ठेवणारा माणूस धंदा जाणतो. “नंतर देतो” म्हणाला, की उठा.

दाव्याचा निकाल कधी लागेल ते विचारू नका. सिव्हिल लाइन्सच्या कोर्टात तारखांना तोटा नाही. उशिराची मुभा कोर्टाला आहे, तुम्हाला नाही. याच आठवड्यात बँकेचा उतारा, नोटिशीची प्रत आणि पोहोचपावती घेऊन जवळच्या वकिलाकडे जा. दलालाने पैसे मिळाल्याचं मोबाइलवर लिहिलं असेल, तर तो फोन बदलू नका, विकू नका.