अमृतसरला जाताय? स्वेटरपेक्षा मोजे जास्त घ्या

प्रश्न : ताई, नाताळच्या सुट्टीत सचखंड एक्स्प्रेसने अमृतसरला जायचं ठरलंय. बरोबर सासूबाई (वय 71) आणि आठ वर्षांचा मुलगा. जो तो थंडीची भीती घालतोय. पण आमच्या परभणीतही पारा पाच-सहा अंशांवर येतोच की! घरातले स्वेटर-शाली पुरतील ना? सामान नेमकं काय न्यावं? – एक वाचक, परभणी

उत्तर : परभणीच्या थंडीला मी नावं ठेवणार नाही. पण तुम्ही बघताय तो पहाटेचा आकडा. पेपरात शेजारीच कमाल तापमान छापतात, ते बघा. परभणीत पहाटे कितीही कुडकुडलात तरी अकराला स्वेटर काढून कमरेला बांधता. अमृतसरात डिसेंबरअखेर धुकं बसलं की भर दुपारीसुद्धा पारा 12-13 च्या पुढे सरकायला तयार नसतो. पश्चिमी चक्रावाताने पाऊस शिंपडला, मग रात्री आभाळ निरभ्र झालं आणि वारा पडला, की ओल्या जमिनीवर धुकं धरतं आणि कधीकधी दिवस-दिवस हलत नाही. ह्यांच्या नोकरीमुळे काही वर्षं मी तिथे संसार केलाय. आपल्यासारखंच तिथेही घर तापवायची सोय नसते, त्यामुळे भिंती, फरशी, खुर्च्या सगळं गार. अंग गरम व्हायला ऊनच मिळत नाही, हा खरा फरक.

तेव्हा एक जाडजूड स्वेटर नको, थर हवेत. आत थर्मल, वर साधा स्वेटर, त्यावर वारा अडवणारं जॅकेट. सासूबाई साडीच नेसणार असतील तर परकराच्या आत थर्मलची विजार घालायला सांगा. ब्लाउजच्या आत थर्मल काही मावत नाही. तिकडे साडी नेसणाऱ्या बायका पूर्ण बाह्यांचा लोकरी ब्लाउजच घालतात, तो तिथे सहज मिळतो. किंबहुना जड कपडे इथून घेऊच नका. लुधियाना जवळ असल्याने लोकरी माल तिथे स्वस्त पडतो. अंगावर पुरेल एवढं घालून जा, बाकी हॉल बाजार किंवा कटरा जैमलसिंगात घ्या.

आता पायांचं. हरमंदिर साहिबला, म्हणजे सुवर्णमंदिरात, जोडे जोडाघरात ठेवायचे, मोजेही काढायचे आणि आत जाताना उथळ पाण्यातून पाय धुऊनच पुढे जायचं. त्यानंतर सरोवराभोवतीची संगमरवरी परिक्रमा अनवाणी. हिवाळ्यात मॅट अंथरलेल्या असतात, त्या सोडून चालू नका. साडीचा काठ पाण्यात भिजला की तो दिवसभर घोट्याला गार लागत राहतो, म्हणून सासूबाईंना निऱ्या आधीच उचलून धरायला सांगा. माणशी एक पंचा आणि कोरड्या मोज्यांचा जोड कापडी पिशवीत हाताशी असू द्या. बाहेर आल्यावर पाय, विशेषतः बोटांमधली ओल, टिपायची आणि मगच मोजे चढवायचे. सासूबाईंना नाडीचे बूट नकोत, वाकायला लागू नये. डोकं झाकावंच लागतं. मुलाच्या कानटोपीवर विसंबू नका, रुमाल बांधा. पहाटेच्या दर्शनाचा आग्रह तुम्हाला तिथे सगळेच करतील. तुम्ही खुशाल जा, पण सासूबाईंना दुपारी बाराच्या सुमारास न्या. बीपीची गोळी चालू असेल तर निघण्याआधी डॉक्टरांशी बोलून घ्या.

अटारीला पाकिस्तानच्या सीमेवर झेंडा उतरवण्याचा सोहळा असतो, तो हिवाळ्यात दुपारी चारच्या सुमारास सुरू होतो, पण जागेसाठी बरंच आधी जाऊन उघड्यावर सिमेंटच्या पायऱ्यांवर बसावं लागतं. पिशव्या आत नेऊ देत नाहीत, म्हणून मोठ्या खिशांची जॅकेटं हवीत. बुडाखाली घ्यायला एक जुनी शाल खांद्यावर टाकून न्या.

हॉटेल ठरवताना गरम पाणी दिवसभर असतं का आणि माणशी एक रजई मिळते का, हे दोनच प्रश्न विचारा. टीव्हीबिव्ही राहू द्या. खोलीत कोळशाची शेगडी कुणी आणून दिली तर घेऊ नका. दारं-खिडक्या लावून तिच्याशेजारी झोपलेली माणसं दरवर्षी दगावतात. त्या वायूला वास नसतो, कळतच नाही.

खोबरेल तेल निमुळत्या बाटलीतून नेऊ नका. पार दगड होतं, काडी घालून उकरत बसावं लागतं. रुंद तोंडाची डबी घ्या. व्हॅसलीन हवंच. तहान लागत नाही म्हणून पोरं दिवसभर पाणीच पीत नाहीत, त्यासाठी कोमट पाण्याचा थर्मास ठेवा.

गाडीचं म्हणाल तर दिल्लीच्या पुढे-मागे धुक्यात ती किती रखडेल याचा भरवसा नसतो. एका जास्तीच्या रात्रीचं पांघरूण, औषधं आणि मुलाचं खाणं हातातल्या पिशवीत असू द्या, सीटखालच्या बॅगेत नको. तीन ताटल्या आणि वाट्याही वरच ठेवा. सचखंडला वाटेतल्या काही स्टेशनांवर सेवेकरी लंगर वाढतात, पण भांडं आपलं लागतं. आणि परतल्यावर दुसऱ्याच दिवशी ऑफिसात हजर होईन असं साहेबांना सांगून जाऊ नका, एक दिवस जास्तीची रजा टाका.